केडलस्टन हॉल बघायचा तर आधी पार्क, मग घर, शेवटी तळमजला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी-जावई इंग्लंडमध्ये डर्बीला असतात, मे महिन्यात तुम्ही दोघं येताय आणि जावयांनी केडलस्टन हॉल हे जवळचं जुनं सरदारी घर सुचवलंय. दुसऱ्याचा दिवाणखाना बघायला तिकीट काढून कशाला जायचं, ही तुमची पहिली शंका. जायचंच तर गुडघे सांभाळून एका दिवसात काय बघून होईल, ही दुसरी. मी त्याच भागात, मिडलंड्समध्ये राहतो आणि अशा जुन्या घरांत स्वयंसेवक म्हणून खोलीत उभं राहून पाहुण्यांना माहिती सांगायचं काम बरीच वर्षं हौसेनं करतोय. त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या शंकेचं उत्तर केडलस्टनपुरतं सोपं आहे. तो कुणाचा दिवाणखाना कधी नव्हताच. मधली भव्य इमारत राहण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी बांधलेली आहे. कर्झन कुटुंब राहायचं बाजूच्या लहान इमारतीत, आणि मधल्या दालनांचे दिवे लागायचे ते पाहुणे आले की. घर नवं होतं तेव्हापासून मालकाशी काही ओळख नसलेले प्रवासी इथे येऊन घर बघून जात. 1769 मध्ये तर त्यांच्यासाठी छापील पुस्तिकाही निघाली होती, कुठल्या खोलीत कोणतं चित्र आहे ते सांगणारी. पाहुण्यांना फिरवायचं काम मिसेस गार्नेट नावाच्या कारभारीणबाईंकडे असे. 1766 ते 1809 अशी चाळीसहून जास्त वर्षं त्या या घरात होत्या. त्यांचं तैलचित्र घरात आहे, ते मुद्दाम शोधा. हातात तीच पुस्तिका धरून बाई उभ्या आहेत. लॉर्ड-लेडींच्या चित्रांच्या गर्दीत नोकरी करणाऱ्या बाईचं असं चित्र क्वचितच सापडतं. इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन 1777 मध्ये आले होते, आणि हे घर नगरभवन म्हणून झकास चालेल असा शेरा मारून गेले. तेव्हा तिकीट काढून येणारे तुम्ही कुणाच्या घरात डोकावत नाही. ज्या प्रेक्षकांसाठी हे उभारलं, त्यांच्याच रांगेतले तुम्ही.

म्हणून माझा सगळा सल्ला एका वाक्यात मावतो: केडलस्टन नाटकासारखं बघा. समोर काय मांडलंय ते तर बघाच, पण विंगेत काय ढकललंय तेही शोधा. हे ध्यानात धरलं की सोन्याच्या मुलाम्याचा दहाव्या खोलीत येणारा कंटाळा येत नाही.

थोडी पार्श्वभूमी लागेल. कर्झन घराणं मूळचं नॉर्मंडीतून आलेलं, आणि याच जागी सातशेहून अधिक वर्षं नांदलेलं. 1758 मध्ये सर नॅथॅनिएल कर्झन यांच्या हाती इस्टेट आली. वय तिशीच्या आसपास, इटालियन चित्रांचा आणि रोमन अवशेषांचा नाद, आणि राजकारणात टोरी. याच डर्बीशरमध्ये चॅट्सवर्थला डेव्हनशरचे ड्यूक, म्हणजे कॅव्हेंडिश घराणं, टोरींच्या विरोधातल्या व्हिग पक्षाचे खांब. त्यांच्या तोडीस तोड दिसायचं तर वडिलोपार्जित विटांचं घर पुरणार नव्हतं. ते पाडलं आणि 1759 मध्ये नव्या घराचं काम सुरू झालं. पहिले वास्तुविशारद मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन, आणि शेवटी रॉबर्ट ॲडम नावाचा नुकताच रोमहून परतलेला तरुण स्कॉटिश माणूस. ॲडमला सुरुवातीला फक्त पार्कातल्या छोट्या इमारती दिल्या होत्या. थोड्याच काळात त्यानं अख्खं घर स्वतःकडे ओढून घेतलं. 1761 मध्ये सर नॅथॅनिएल लॉर्ड स्कार्सडेल झाले.

आता पार्क. लोक गाडी लावतात, थेट घरात शिरतात आणि मग पाय दुखले म्हणून पार्क खिडकीतून बघून परत जातात. तुम्ही उलटं करा. तसंही घराची दारं पार्कापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे सकाळ पार्कालाच द्या.

पार्क म्हणजे फुलांचे ताटवे डोळ्यांपुढे आणू नका. हे आहे सुमारे 800 एकरांचं कुरण. त्यात मेंढ्या चरतात, मोठाली ओकची झाडं सुटी-सुटी उभी आहेत, मधून पाणी वाहतंय आणि सगळं अगदी निसर्गानंच केल्यासारखं वाटतं. त्यातलं जवळजवळ काहीच निसर्गानं केलेलं नाही. तळं बघा. मुळात तो कटलर ब्रुक नावाचा ओढा. त्याला जागोजाग बांध घालून फुगवला आणि संथ नदीचं रूप दिलं. ॲडमचा तीन कमानींचा पूल आणि शेजारचा धबधबाही त्याच योजनेतला, येणाऱ्या बग्गीला पुलावरून घर पहिल्यांदा पूर्ण दिसावं म्हणून. तुम्ही पुलावर थांबून घराकडे बघा. ही चौकट त्यानं तुमच्यासाठी अडीचशे वर्षांपूर्वी धरून ठेवली आहे.

आणि इथून काय हलवलं? एक गाव. केडलस्टनचं जुनं गाव घराच्या अगदी जवळ होतं. नव्या देखाव्यात ते बसेना, म्हणून उठवून दूर नेलं. डर्बीकडून येणारा मोठा रस्ताही वळवला. फक्त चर्च तेवढं जागेवर राहिलं, कारण तिथे कर्झनांचे पूर्वज पुरलेले. म्हणून आज अवाढव्य घराच्या कुशीत मध्ययुगीन चर्च चिकटून बसलेलं दिसतं आणि आजूबाजूला एकही झोपडी नाही. आपल्याकडे धरणाखाली गावं गेली त्याच्या कहाण्या घरोघरी माहीत असतात. इथे गाव गेलं ते खिडकीतून दिसू नये म्हणून. मला हे ठाऊक झाल्यापासून इंग्लंडमधल्या कुठल्याही पार्कात एकटं चर्च दिसलं की पहिला प्रश्न तोच पडतो. मिडलंड्समधल्या कुरणांत सकाळच्या तिरप्या उन्हात गवताखाली लांबच लांब समांतर वरंबे उठून दिसतात. ते मध्ययुगीन शेतीचे नांगरट-पट्टे. जमिनीवर पुन्हा नांगर फिरला नाही म्हणून टिकले.

आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, झाडांची खालची बाजू. जणू पट्टी लावून कापल्यासारखी एका उंचीवर सरळ असते. जनावरांचं तोंड पोचतं तिथपर्यंत पाला खाल्ला जातो, आणि त्यामुळेच खोडांमधून लांबवर नजर जाते. दुसरी, घराजवळची हिरवळ आणि पलीकडचं कुरण यांच्यामध्ये कुंपण दिसत नाही, तरी मेंढ्या अंगणात येत नाहीत. तिथे उतरता खंदक खणून त्याच्या आतल्या बाजूला भिंत बांधलेली असते, घरातून दिसणार नाही अशी. याला इथे हाहा म्हणतात. सांभाळून चाला. वरून खरोखर काही कळत नाही आणि लहान मुलं धावत असतील तर पडायची भीती असते.

पाण्याच्या काठाला ॲडमचं मासेमारीचं घर आहे. वरच्या खोलीच्या खिडकीतून घरच्या बायका उन्हाचा त्रास न होता गळ टाकून बसत. खाली थंड पाण्यात डुंबायची कुंड-खोली आणि दोन्ही बाजूंना होड्या ठेवायची जागा. एवढ्याशा इमारतीत इतक्या सोयी कोंबलेल्या बघून मला ॲडमच्या मोठ्या दालनांपेक्षा तिचंच जास्त कौतुक वाटतं. म्हाताऱ्या, पोकळ, अर्ध्या वाळलेल्या ओक वृक्षांकडे बघून ‘काळजी घेत नाहीत’ असं म्हणू नका. ती मुद्दाम राखलेली आहेत. कुजत्या लाकडावर जगणाऱ्या दुर्मीळ भुंग्या-किड्यांसाठी हा पार्क संरक्षित आहे.

पार्काची सगळ्यात लांब फेरी सुमारे पाच किलोमीटरची भरते, चढ-उतारासकट. तुमच्या गुडघ्यांना ती नको. पुलापर्यंत जाऊन तळ्याच्या काठाकाठानं परत या, तासभर पुरे. मे महिन्यातही बूट चांगले हवेत, गवत दुपारपर्यंत ओलं असतं. मेंढ्यांसोबत कोकरं असतात, त्यांच्या आणि आयांच्या मधून जाऊ नका, आणि फाटक उघडलंत तर मागून लावा. इथे गावाकडचे लोक एवढ्या एका गोष्टीवरून माणसाची पारख करतात.

घराकडे वळताना दोन्ही बाजू बघून घ्या. उत्तरेकडची दर्शनी बाजू पेनच्या आराखड्याची, सहा उंच खांबांचा दरबारी मंडप. दक्षिणेची बाजू ॲडमची, रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवर बेतलेली. एकच घर, पण दोन माणसांचे दोन स्वभाव. मूळ योजनेत मधल्या इमारतीला चार कोपऱ्यांवर चार उपइमारती होत्या, वळणदार मार्गिकांनी जोडलेल्या. झाल्या दोनच, उत्तरेकडच्या. एकीत कुटुंब, दुसरीत मुदपाकखाना. दक्षिणेकडच्या दोन कागदावरच राहिल्या. त्यामुळे दक्षिणेकडून घर थोडं उघडं-उघडं दिसतं. या न झालेल्या दोन इमारती ध्यानात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आज पाहुणे तळमजल्यावरून आत शिरतात. त्या ठेंगण्या दालनाला सीझर्स हॉल म्हणतात. तिथून जिन्यानं वर आलात की मार्बल हॉल. नाव संगमरवराचं असलं तरी खांब अलाबास्टर दगडाचे, शेजारच्या नॉटिंगहॅमशरमधून काढलेले. असे 20 खांब, प्रत्येक सुमारे 25 फूट उंच, गुलाबी-हिरवट शिरांचे. बाजूच्या भिंतींना खिडक्या नाहीत, उजेड छतातून उतरतो. ढगाळ दिवशी हॉल थंड आणि कोरडा वाटतो. ऊन पडलं की दगडाचा रंग पालटतो. म्हणून तिथे घाईनं फोटो काढून पुढे जाऊ नका. भिंतीलगत बाक असेल तर विचारून बसा आणि एखादा ढग सरायची वाट बघा.

त्याच्या मागे सलून, संपूर्ण गोल दालन, रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाची आठवण ठेवून केलेलं, घुमट 62 फुटांवर. या खोलीत काय करायचं हे बांधणाऱ्यांनाही नीट ठरवता आलं नसावं असं मला नेहमी वाटतं. आधी तिथे पुतळे मांडायचे होते. कोनाड्यांत रोमन वेदीसारखे दिसणारे चौथरे आहेत, त्यांच्याकडे निरखून बघा. त्या बिडाच्या शेगड्या आहेत. इंग्लंडमध्ये गोल घुमटाखाली थंडीनं काकडायला होतं, पण ऊब कुठून येते ते दिसता कामा नये. रंगमंचाची सगळी युक्ती या एका वस्तूत आहे.

दोन्ही अंगांना दालनांच्या रांगा. पूर्वेला संगीत, बैठक आणि ग्रंथालय, म्हणजे कलांची बाजू. पश्चिमेला भोजनगृह आणि राजेशाही शयनकक्ष, पाहुणचाराची बाजू. बैठकीच्या दालनात जॉन लिनेलनं केलेले प्रचंड सोफे आहेत, पायांच्या जागी सोनेरी मत्स्यमानव. शयनकक्षातल्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडांसारखे कोरलेले, वर झावळ्यांसकट. यातलं काही तुम्हाला भपकेबाज वाटलं तर तसं म्हणायला लाजू नका. मला तो पलंग भपकेबाजच वाटतो. मात्र भोजनगृहात थांबा आणि हिशेब करा. मुदपाकखाना वेगळ्या इमारतीत, म्हणजे प्रत्येक पदार्थ वळणदार लांब मार्गिकेतून चालत आणायचा. वास आणि आगीची भीती दूर राहिली, पण टेबलावर येईपर्यंत अन्न किती गरम उरत असेल ते तुम्हीच ठरवा. घरात नोकर डझनावारी होते आणि या सगळ्या दालनांत त्यांची खूण म्हणून कुठे काही नाही. ती शोधायची तर अरुंद जिने, भिंतीच्या रंगात मिसळून गेलेली दारं आणि तळमजला बघावा लागतो.

खोलीत उभा असलेला स्वयंसेवक हे तुमच्या तिकिटातलं सगळ्यात मोलाचं कलम. पण तो आपणहून फार बोलणार नाही. इंग्रज माणूस विचारल्याशिवाय बोलत नाही, विचारलंत की थांबत नाही. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर पाटीवर असतं. ‘या खोलीतली तुमची आवडती वस्तू कोणती?’ किंवा ‘ही खोली स्वच्छ कशी करता?’ असं विचारून बघा. निवृत्त शिक्षक, परिचारिका, अभियंते असतात, वर्षानुवर्षं त्याच खोलीवर जीव लावलेला असतो. तुम्हा दोघांतल्या बाईंचं इंग्रजी अडखळत असलं तरी त्यांनी विचारावं. शांतपणे ऐकून घेतात. माझा स्वतःचा अनुभव असा की आपल्याकडच्या बायका पडदे, रफू, चांदी उजळणं यांबद्दल जे प्रश्न विचारतात ते अभ्यासकांनाही सुचत नाहीत.

खोल्या अंधाऱ्या का, ही तक्रार रोज ऐकतो. रेशीम आणि जलरंग उजेडानं विरतात, आणि विरलेलं परत येत नाही. म्हणून पडदे अर्धे ओढलेले असतात आणि नाजूक कापडाजवळचा प्रकाश साधारण 50 लक्सवर, म्हणजे अगदी मंद ठेवतात. डोळ्यांना सवय व्हायला मिनिटभर द्या. खुर्चीवर वाळकं काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसलं तर ती सजावट नाही, ‘इथे बसू नये’ असं न बोलता सांगायची पद्धत आहे. त्याच खोलीत कुठेतरी पाहुण्यांसाठी साधी खुर्चीही असते, नसेल तर मागा, आणून देतात. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायला किंवा खाली ठेवायला सांगतील. फ्लॅशशिवाय फोटो बहुधा चालतात. टोकदार टाचांची पादत्राणं नकोत, जुन्या लाकडी जमिनीला खड्डे पडतात.

आता तळमजला, म्हणजे लॉर्ड कर्झन. जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन यांचा जन्म 1859 मध्ये याच घरातला. 1899 ते 1905 ते भारताचे व्हाइसरॉय होते. योगायोग असा की कोलकात्यातलं त्यांचं सरकारी निवासस्थान, म्हणजे 2025 पर्यंतचं राजभवन आणि आजचं लोकभवन, केडलस्टनच्या नकाशावरून बांधलेलं. तेव्हाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लींनी 1799 ते 1803 मध्ये ते उभं केलं, आणि वास्तुरचना कॅप्टन चार्ल्स वायटची. त्याचे काका सॅम्युएल वायट यांनी केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख केली होती. मगाशी ध्यानात ठेवायला सांगितलेल्या, न झालेल्या दोन उपइमारती? त्या कोलकात्यात झाल्या. तिथे चारही कोपरे पूर्ण आहेत. डर्बीशरच्या जमीनदाराला जे परवडलं नाही ते कंपनी सरकारला परवडलं. पैसा कुठून आला ते वेगळं सांगायला नको. कोलकात्याचं हे भवन तुम्ही बाहेरून पाहिलं असेल तर केडलस्टनच्या अंगणात उभं राहिल्यावर पायाखालची जागा जरा हलल्यासारखी होते.

कर्झन यांनी आशियाभर फिरून आणि व्हाइसरॉय असताना जमवलेल्या वस्तू तळमजल्यावरच्या पूर्वेकडील संग्रहालयात आहेत. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, कापड, मानपत्रांच्या पेट्या. बहुतेक भारतीय पाहुणे इथे येईपर्यंत दमलेले असतात आणि भरभर चालून बाहेर पडतात. तुम्ही इथे निदान अर्धा तास राखून ठेवा. भेट म्हणून दिलेली वस्तू आणि देणं भाग पडलेली वस्तू यातली रेघ कुठे आहे, हा प्रश्न प्रत्येक काचेपुढे विचारता येतो. सगळं लुटून आणलं असंही नाही आणि सगळं प्रेमानं मिळालं असंही नाही. 2020 मध्ये नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे केडलस्टनसारखी जुनी घरं सांभाळणाऱ्या इथल्या संस्थेनं, वसाहतवाद आणि गुलामगिरीशी आपल्या घरांचा संबंध सांगणारा अहवाल काढला, त्यात 93 जागा होत्या आणि केडलस्टन अर्थातच होतं. त्यावरून इथल्या वर्तमानपत्रांत बराच धुरळा उडाला. आम्हा स्वयंसेवकांना आजही दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागतं. कुणी म्हणतं इतिहास का उकरता, कुणी म्हणतं एवढंच का सांगता. मला विचाराल तर जास्त सांगितलेलं बरं.

या संग्रहातली प्रसिद्ध वस्तू म्हणजे मेरी कर्झन यांचा मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख. मेरी शिकागोच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी. 1903 च्या दिल्ली दरबारातल्या नृत्यसमारंभात त्यांनी तो घातला. जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवणकाम पॅरिसच्या वर्थ यांच्या पेढीचं. प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्यात हिरवी चमक आहे. लांबून पाचू वाटतो, पण ती भुंग्याच्या पंखांची कवचं आहेत. पोशाखाचं वजन साडेचार किलोच्या आसपास. कारागिरी थक्क करणारी आहे, यात वाद नाही. पण हा दरबार 1899-1900 च्या दुष्काळानंतर अवघ्या तीन वर्षांत झाला आणि त्या दुष्काळानं मुंबई इलाखा होरपळून निघाला होता, हेही काचेपुढे उभं असताना आठवतं. नाजूक कापड असल्यानं पोशाख त्या वेळी मांडलेला आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

कर्झन नावाशी महाराष्ट्राचं जुनं भांडण आहे. वरिष्ठ कायदेमंडळात त्यांच्यासमोर बसून अंदाजपत्रकाची चिरफाड करणारे गोपाळ कृष्ण गोखले. 1904 च्या विद्यापीठ कायद्याला गोखल्यांनी कसून विरोध केला. त्याच वर्षी सरकारनं त्यांना सी.आय.ई. किताबही दिला. आणि 1905 मध्ये बंगालच्या फाळणीनंतर, काशीच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून याच मवाळ गोखल्यांनी कर्झनशाहीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली. दुसऱ्या बाजूला, 1904 चा प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा कर्झन यांच्याच काळातला, आणि पुरातत्त्व खात्यावर जॉन मार्शल यांना आणणारेही तेच. इंग्लंडमध्येही त्यांनी टॅटरशॉल आणि बोडियम हे पडके किल्ले विकत घेऊन सावरले आणि मृत्युपत्रानं नॅशनल ट्रस्टला दिले. दगड वाचवायची एवढी कळकळ असलेल्या माणसाला समोरच्या माणसांचं म्हणणं ऐकायला मात्र जमलं नाही, असं माझं मत. खोलीत उभा असताना कुणी विचारलं तर हेच सांगतो, आवाज जरा खाली ठेवून.

घराला लागून असलेलं ऑल सेंट्स चर्च उघडं असेल तर आत जाऊन या. मेरी 1906 मध्ये गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ कर्झन यांनी बांधून घेतलेलं छोटं प्रार्थनाघर तिथे आहे. दोघांच्या संगमरवरी मूर्ती शेजारी-शेजारी पहुडलेल्या, मूर्तिकार बर्ट्रम मॅकेनल. स्वतः कर्झन 1925 मध्ये गेले, तेही इथेच आहेत.

एवढा पसारा लोकांसाठी खुला कसा झाला, हेही लोक विचारतात. 1870 च्या दशकानंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं, जमिनीच्या खंडाचं उत्पन्न घसरलं. 1894 पासून वारसा कर जड होत गेला. पहिल्या महायुद्धात वारस गेले आणि नंतर नोकर मिळेनात. विसाव्या शतकात अशी हजाराहून जास्त घरं पाडली गेली. केडलस्टन 1987 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं म्हणून उभं आहे. कुटुंब आजही एका बाजूच्या इमारतीत राहतं, त्यामुळे काही दारं बंद दिसली तर आत कुणाचा तरी संसार आहे असं समजा.

आता तुमच्या दिवसाचं. पार्क वर्षभर उघडा असतो. घर मात्र हंगामात आणि आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच उघडतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर तारीख आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ बघा. मे महिन्यातले पहिला आणि शेवटचा सोमवार सुट्टीचे, गर्दी असते, ते टाळा. मुलगी इथेच राहते, तर तिनं नॅशनल ट्रस्टचं कुटुंब-सदस्यत्व घेणं परवडेल. वर्षात चार-पाच जागा झाल्या की पैसे वसूल, शिवाय गाडी लावायचे पैसे वाचतात. वरच्या दालनांपर्यंत पायऱ्या आहेत. आधी फोन करून गुडघ्यांचं सांगून ठेवलंत तर काय सोय होईल ते ते नीट सांगतात. गाडीतळापासून घरापर्यंत ने-आण करायची गाडी आहे का, तेही त्याच फोनवर विचारा.

जेवणाचं म्हणाल तर पोळीभाजीचा डबा पार्कात कुठेही उघडा, कुणी काही म्हणत नाही, फक्त कचरा परत न्यायचा. घरात पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीतच. चहा उपाहारगृहात घ्या आणि सोबत स्कोन, म्हणजे इथला छोटा गोडसर पाव, मागवा. आधी जॅम की आधी साय, यावर इथे घरं फुटतात, तुम्ही तटस्थ राहा. शाकाहारी असाल तर सूप घेण्याआधी रस्सा कशाचा आहे ते विचारा.

जावई गाडीनं नेणार असतील तर प्रश्नच नाही, डर्बीपासून आठ किलोमीटर. तसं नसेल तर स्टेशनवरून टॅक्सी करा आणि परतीची तेव्हाच ठरवून ठेवा. आयत्या वेळी पार्काच्या फाटकावर टॅक्सी मिळत नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर चॅट्सवर्थला जा, पण केडलस्टननंतर, आधी नको. चॅट्सवर्थ मोठं, श्रीमंत आणि गजबजलेलं आहे. ते आधी पाहिलं तर केडलस्टन फिकं वाटेल. नंतर पाहिलं तर सर नॅथॅनिएलना कशाची असूया होती ते कळेल. तिथला पार्क 1760 च्या दशकात लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन यांनी घडवला, हरणांचे कळप आहेत, आणि पार्कात चालायला तिकीट लागत नाही. तिथला माळी जोसेफ पॅक्स्टन यानं पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारला, आणि त्याच्याच काचघरात 1830 च्या दशकात वाढवलेल्या केळीला मालकाच्या घराण्याचं नाव मिळालं, कॅव्हेंडिश. जळगावची ग्रँड नैन त्याच गटातली. तुम्ही खानदेशातले म्हणून सांगतोय, काचघराजवळच्या स्वयंसेवकाला हे ऐकवा, त्याचा दिवस चांगला जाईल. चॅट्सवर्थच्या घरात जिने जास्त आहेत आणि चालणंही बरंच. तेव्हा दोन्ही घरं लागोपाठच्या दिवशी ठेवू नका, मध्ये एक दिवस विश्रांतीचा असू द्या.